ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय

बंदरावर वादळाचा बावटा चढला की मच्छीमार आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, हे समुद्रकाठच्या आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. वादळाची अशी सूचना देण्याची व्यवस्था ब्रिटनमध्ये ज्यांनी उभी केली, त्या आरमारी अधिकाऱ्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

रॉबर्ट फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडातील सफोक परगण्यात एका उमराव घराण्यात झाला. बाराव्या वर्षी ते पोर्ट्‌स्मथच्या आरमारी विद्यालयात दाखल झाले व पुढे परीक्षेत त्यांनी पैकीच्या पैकी गुण मिळविले. १८२८ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी वायुभारमापकातील पारा उतरत असता त्यांनी तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही. अकस्मात झंझावात आला आणि दोन खलाशी बुडाले. तो धडा ते विसरले नाहीत. १८३१ ते १८३६ या काळात त्याच जहाजाने त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. तरुण चार्ल्स डार्विन या सफरीत त्यांच्यासमवेत होते.

१८४३ साली ते न्यूझीलंडचे गव्हर्नर झाले. जमिनीच्या एका रक्तरंजित तंट्यात दोष आपल्याच देशबांधवांचा आहे, माओरींचा नव्हे, असा निर्णय त्यांनी दिला. गोरे वसाहतवाले संतापले आणि १८४५ मध्ये त्यांस पद सोडावे लागले.

१८५४ साली नव्या हवामान खात्याची धुरा त्यांच्याकडे आली. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून चारशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर ठिकठिकाणच्या हवेची वार्ता तारायंत्राने लंडनला मागवून, वादळ संभवत असल्यास बंदरांवर शंकू व पिंपाच्या आकाराच्या खुणा चढविण्याची योजना त्यांनी १८६१ च्या फेब्रुवारीत अमलात आणली. ऑगस्टपासून वृत्तपत्रांत हवेचे अंदाजही येऊ लागले.

परंतु ब्रिटनवर येणारी बहुतेक वादळे अटलांटिकवरून येत, आणि भर समुद्रातून वार्ता कळण्याचे साधन त्या काळी नव्हते. साहजिकच काही अंदाज चुकले. वृत्तपत्रांनी थट्टा केली, शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. लोकोपयोगी कार्यात स्वतःची संपत्तीही खर्ची पडली होती. प्रकृती ढासळली, मन खचले, आणि ३० एप्रिल १८६५ रोजी त्यांनी आपल्या हातांनी जीवनयात्रा संपविली.

पुढील वर्षी एका समितीच्या सल्ल्यावरून अंदाज व सूचना दोन्ही बंद झाल्या. तेव्हा दर्यावर्दी लोकांकडूनच मागणी आली, आणि १८६७ मध्ये बंदरांवरील सूचना पुन्हा सुरू झाल्या. २००२ साली ब्रिटिश हवामान वार्तेतील एका सागरी विभागास फिट्झरॉय यांचे नाव देण्यात आले.

चुकलेला अंदाज सर्वांच्या ध्यानात राहतो. सूचना मिळाल्यामुळे सुखरूप घरी परतलेल्या माणसाची नोंद मात्र कोठे होत नाही. फिट्झरॉय यांच्या कार्याचे मोल करताना विद्यार्थ्यांनी त्या न झालेल्या नोंदीही लक्षात घ्याव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.