हाफकिन आणि आकड्यांची साक्ष

वसईच्या होळीतून नित्य मुंबईस जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसचा इतिहास ठाऊक असेल. १९२५ पासून तेथील संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांची लस सर्वश्रुत आहे. त्यांची निर्णयपद्धती मात्र विस्मृतीत गेली. आरोग्यखात्यांचे कारभारी निर्णय घेताना संशोधनाचा आधार घेतात की सवयीचा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. म्हणून तिचे स्मरण उचित ठरेल.

ओडेसात १८६० साली जन्मलेले हाफकिन १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांनी एकाच घरातील टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची तुलना केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम आरंभिले आणि १० जानेवारी १८९७ रोजी नवी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. १८९८ मध्ये बडोद्यानजीकच्या उंढेरा गावी तर त्यांनी प्रत्येक कुटुंबाचेच दोन भाग पाडले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २६. इतर परिस्थिती समान असता, हे अर्थशास्त्राचे गृहीतक आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो; या गृहस्थाने ते प्लेगच्या गावात उभे केले. न टोचलेल्यांच्या नशिबाचा नैतिक प्रश्न उरतोच, तो झटकून टाकता येणार नाही.

कारभाऱ्यांनी या ज्ञानाचे काय केले? लस नवी होती हे मान्य. तरी भायखळ्याचे निष्कर्ष हाती असताना पुण्यात १८९७ मध्ये भर राहिला तो घरझडत्यांवर व सक्तीच्या विलगीकरणावर. त्याची परिणती रँडच्या वधात झाली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात, एवढेच तपासायचे होते. ती उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडल्याची साक्ष उपलब्ध होती. तरीही दोष आला तो कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेने निर्जंतुक करण्याच्या हाफकिन यांच्या पद्धतीवर. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तीच रूढ होती! हाफकिन पदावरून दूर झाले. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि कलकत्त्यास परतले. परंतु माणसांवर चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. निवृत्त होऊन त्यांनी भारत सोडला. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.