सिंहगडावरून पडलेले नाथमाधव



आमच्या शाळेच्या पटांगणातून सिंहगड दिसतो. तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट आपल्याला पाठच आहे. पण याच गडाच्या कड्यावरून पडलेल्या एका लेखकाची गोष्ट मला मागच्या दिवाळीत कळली.

त्या सुट्टीत मी चिंचेवरून पडलो नि पाय मोडला. दीड महिना प्लॅस्टर! बाकीची पोरं अंगणात मातीचा किल्ला करत होती आणि मी खाटेवर. खरं सांगतो, मी फार रडलो. तेव्हा पुण्याचे मामा भेटायला आले. त्यांनी अप्पा बळवंत चौकातून एक जुनी जाडजूड कादंबरी आणली होती, ‘वीरधवल’. लेखक नाथमाधव. त्यांची हकीकत मामांनी सांगितली, ती अशी.

नाथमाधवांचे खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. आपल्या नावातला नाथ घेतला, वडिलांच्या नावातला माधव घेतला, झाले टोपणनाव! त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला. पुढे कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरी लागली. त्यांना शिकारीचा भारी नाद. असेच एकदा शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. तेव्हा ते ऐन विशीत होते. माझं प्लॅस्टर तरी निघणार होतं. त्यांचे पाय पुन्हा चाललेच नाहीत.

पडल्या पडल्या ते वाचू लागले आणि मग लिहू लागले. १९०८ साली पहिली कादंबरी ‘प्रेमवेडा’ आली. १९१३ साली ‘वीरधवल’ आली. ती राजेरजवाड्यांची, अद्भुत आणि कारस्थानांनी भरलेली. आमच्या आजोबांनीसुद्धा लहानपणी ती कंदिलाच्या उजेडात चोरून वाचली होती म्हणे! पण नाथमाधव एकाच तऱ्हेचे लिहीत बसले नाहीत. ‘सोनेरी टोळी’त रहस्य आहे, ‘डॉक्टर’ ही सामाजिक कादंबरी तीन भागांची आहे. नंतर ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून त्यांनी शिवकाळावर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. मला याचेच नवल वाटते. ज्या माणसाला गडाची एक पायरी चढता येत नव्हती, त्याने मावळ्यांना गडांवर चढवले. गडावर त्यांचा राग कसा नाही बसला? मी तर त्या चिंचेकडे अजून बघत नाही.

२१ जून १९२८ रोजी ते वारले. वय अवघे ४६.

‘वीरधवल’ची भाषा जुनी आहे, वाक्ये लांबलचक आहेत. पहिली वीस पाने मला जड गेली. पुढे मात्र आई जेवायला हाका मारून थकायची.

पुस्तक आता आमच्या वर्गातल्या पेटीत ठेवले आहे. शिवण सुटली आहे, तेव्हा पाने जरा सांभाळून उलटा.

— इयत्ता सातवी