रॅकेट आणि रंगमंच

मुलांनो, टेनिसचा सामना तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. मध्ये जाळे, दोन बाजूंना दोन खेळाडू आणि इकडून तिकडे धावणारा एक चेंडू. चेंडूबरोबर प्रेक्षकांच्या मानाही डावीउजवीकडे वळत असतात. आता मला सांगा, या खेळाचे नृत्य होऊ शकेल का? त्याला संगीत देता येईल का? त्यावर कादंबरी लिहिता येईल का? तुम्ही हसाल. पण हे सारे खरोखर घडले आहे, आणि त्यातले बरेचसे एका मुलीमुळे घडले. तिचे नाव सुझान लेंग्लेन.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिस येथे झाला. लहानपणी तिची प्रकृती नाजूक होती. ती सारखी आजारी पडे. थोडे खेळली तर मुलीच्या अंगात ताकद येईल, असे तिच्या वडिलांना वाटले. म्हणून १९१० साली त्यांनी तिला एक रॅकेट आणून दिली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. थोड्याच दिवसांत वडिलांच्या लक्षात आले, की पोरीच्या हातात काही वेगळेच आहे. मग प्रकृतीची गोष्ट मागे पडली आणि रोजची कसून तालीम सुरू झाली.

ही तालीम कशी असे, ते ऐका. वडील मैदानाच्या पलीकडच्या अंगाला एक रुमाल पसरून ठेवत. सुझानने चेंडू त्या रुमालावरच टाकायचा. तो साधला, की रुमालाची जागा बदलायची. (रुमाल हा शब्द तुमच्या उर्दूत जसा आहे तसाच मराठीत आहे. दोन्ही भाषांनी तो फारसीकडून घेतला.) पुढे रुमालाच्या घड्या पडत गेल्या आणि शेवटी त्याच्या जागी नाणे आले, असे सांगतात. चूक झाली तर वडील सर्वांसमोर रागावत. त्यांची शिस्त मुलीला घडवणारी होती, हे खरे. पण तिच्या मनावर सतत केवढे ओझे असेल, याचाही तुम्ही विचार करा. हरायचे नाही, हीच गोष्ट तिला सर्वांत आधी शिकवली गेली.

१९१४ साली पॅरिसजवळच्या सेंट क्लाउड येथे मातीच्या मैदानावरची जागतिक स्पर्धा भरली. सुझानने ती जिंकली. त्याच दिवसांत तिला पंधरावे वर्ष पूर्ण झाले होते. मात्र लगेच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पुढची काही वर्षे मोठ्या स्पर्धा बंद पडल्या.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ती प्रथमच इंग्लंडमधील विम्बल्डन स्पर्धेला गेली. त्या काळी स्त्रिया टेनिस कशा खेळत, हे ठाऊक आहे का? घोट्यापर्यंतचा घोळदार झगा, आत कमर आवळणारा ताठ पट्टा, लांब बाह्या आणि डोक्यावर टोपी. अशा पेहरावात धावणार तरी कसे? सुझान आली ती हलका, सैल झगा घालून. झग्याच्या बाह्या आखूड होत्या आणि घेर पोटरीपर्यंतच होता. वर्तमानपत्रांनी गहजब केला. पुष्कळांना हा निव्वळ दिखाऊपणा वाटला. नट्टापट्टा तिला आवडे, हे मी नाकारत नाही. पण कपडे सैल केल्यामुळे तिचे हातपाय मोकळे झाले. ती चेंडूसाठी उंच उडी मारी, हवेतच अंग वळवी आणि अलगद जमिनीवर येई. पाहणाऱ्याला वाटे, ही खेळते आहे की नाचते आहे?

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स होत्या. त्या सात वेळा विजेत्या ठरलेल्या आणि वयाने चाळीस वर्षांच्या होत्या. राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी सामना पाहायला आले होते. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स बाईंना विजयासाठी फक्त एक गुण हवा होता, आणि तो मिळवण्याच्या दोन संधी हाताशी होत्या. सुझानने कसाबसा फटका मारला. चेंडू रॅकेटच्या लाकडी कडेला लागला, जाळ्याच्या वरच्या पट्टीवर आपटला आणि पलीकडे पडला! बोटभर इकडे पडला असता तर सामना संपला असता. अखेर सुझानने १०-८, ४-६, ९-७ असा विजय मिळवला.

त्यानंतर विम्बल्डनची एकेरी तिने आणखी पाच वेळा जिंकली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तिला दोन सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक मिळाले. १९१९ ते १९२६ या काळात एकेरीचा एकच सामना तिच्या नावावर पराभव म्हणून नोंदला गेला. तो १९२१ साली अमेरिकेत मोला मॅलरी यांच्याविरुद्ध होता, आणि तोही तिने आजारपणामुळे अर्धवट सोडला. अमेरिकन प्रेक्षकांनी मात्र तिची हुर्यो उडवली.

आता नृत्याकडे वळू. त्या काळी पॅरिसमध्ये ‘बॅले रूस’ ही नृत्यमंडळी गाजत होती. बॅले म्हणजे संगीताच्या साथीने, शब्दांवाचून, नृत्यातून सांगितलेली गोष्ट. मंडळीचे चालक होते रशियाचे सर्गेई द्यागिलेव्ह. त्यांनी १५ मे १९१३ रोजी ‘ज्यू’ नावाचा एक बॅले पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात रंगमंचावर आणला होता. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘खेळ’. संध्याकाळच्या वेळी बागेत हरवलेला टेनिसचा चेंडू शोधणारा एक तरुण आणि दोन मुली, एवढीच त्याची गोष्ट. संगीत क्लोद दबुसी यांचे आणि नृत्यरचना निजिन्स्की यांची. पण लोकांना तो फारसा आवडला नाही. दोनच आठवड्यांनी त्याच नाट्यगृहात स्ट्राविन्स्की यांच्या एका बॅलेवरून एवढा गोंधळ झाला, की बिचारा चेंडू सारे विसरून गेले. त्या वेळी सुझान अवघी तेरा-चौदा वर्षांची होती. मोठ्या जगात तिचे नावही कोणाला माहीत नव्हते.

अकरा वर्षे गेली. २० जून १९२४ रोजी त्याच नाट्यगृहात, त्याच मंडळीने ‘ल त्रँ ब्ल्य’ म्हणजे ‘निळी आगगाडी’ हा बॅले सादर केला. श्रीमंत लोकांना फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नेणाऱ्या एका गाडीचे हे नाव. गंमत म्हणजे बॅलेत गाडी कोठेच दिसत नाही! दिसतो तो समुद्रकिनारा आणि तेथे पोहणारी, गोल्फ आणि टेनिस खेळणारी मंडळी. कथा झाँ कॉक्तो यांची, संगीत दारियुस मियो यांचे, कपडे कोको शानेल यांचे आणि पडद्यावरचे चित्र पिकासो यांच्या चित्रावरून काढलेले. त्यातल्या टेनिसपटू मुलीची भूमिका थेट सुझानवरून बेतलेली होती. ती भूमिका आणि सर्व नृत्यरचना ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांनी केली. त्या कोण, हे ओळखलेत का? ‘ज्यू’ रचणाऱ्या निजिन्स्की यांची सख्खी बहीण! भावाने चेंडू रंगमंचावर आणला होता, बहिणीने खेळाडू आणली. पांढरा झगा, डोक्याला पट्टी, हातात रॅकेट. प्रेक्षकांनी पाहताक्षणीच ओळखले असणार.

आणि खरी सुझान त्या दिवसांत कशी होती? ती कावीळीने थकली होती. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनमध्ये एक कठीण सामना जिंकून तिला स्पर्धा मध्येच सोडावी लागली. तिच्या स्वतःच्या गावात, पॅरिसमध्ये भरलेल्या ऑलिंपिकमध्येही ती खेळू शकली नाही.

येथे एक गोष्ट तुम्ही नीट समजून घ्या. त्या वेळी मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. हौशी म्हणजे खेळाचे पैसे न घेणारा. पैसे घेतले, की तो खेळाडू व्यावसायिक, म्हणजे उर्दूत ज्याला पेशावर म्हणतात तसा, आणि त्याला स्पर्धेचे दार बंद. सुझानच्या खेळावर तिकिटे विकली जात, वर्तमानपत्रांचा खप वाढे. रंगमंचावर सुझान बनून नाचणाऱ्या कलावंतालाही त्या नाचाचा मोबदला घेता येई. खुद्द सुझानला मात्र टेनिस खेळण्याचा एक पैसाही घेण्याची मुभा नव्हती! हा नियम खेळाच्या शुद्धतेसाठी आहे, असे त्याचे समर्थक म्हणत. मला तो न्याय वाटत नाही. ज्याच्या घरी भाकरीची काळजी नाही, त्यालाच असली शुद्धता परवडते.

लेखणीतही टेनिस उतरले. १९२५ साली सुझानच्या नावाने ‘द लव्ह गेम’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका टेनिस खेळणारी मुलगी आहे. टेनिसमध्ये शून्य गुणाला ‘लव्ह’ म्हणतात, आणि प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता जिंकलेला गेम म्हणजे ‘लव्ह गेम’. नावातली ही गंमत तुमच्या ध्यानात आली असेलच. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाची ‘द सन ऑल्सो रायझेस’ ही कादंबरी आली. तिच्यातल्या एका पात्राला जिंकण्याची किती आवड आहे, हे सांगताना हेमिंग्वे यांनी सुझानचेच उदाहरण दिले.

जिंकण्याची ही आवड किती जीवघेणी होती, ते १६ फेब्रुवारी १९२६ रोजी कान शहरात दिसले. समोर होती वीस वर्षांची अमेरिकन खेळाडू हेलन विल्स. तिकिटे मिळेनात, तेव्हा लोक झाडांवर आणि घरांच्या छपरांवर चढून बसले. पहिला सेट सुझानने ६-३ जिंकला. दुसऱ्यात ती विजयापासून एका गुणावर असताना हेलनचा एक जोरदार फटका रेषेजवळ पडला आणि कोणीतरी ‘आउट’ असे ओरडले. सामना संपला असे समजून दोघींनी हात मिळवले. लोक मैदानात धावले. इतक्यात रेषापंच पुढे आले. ओरडणारे ते नव्हतेच. तो आवाज प्रेक्षकांतून आला होता! चेंडू आत होता. सारे पुन्हा सुरू झाले आणि हेलनने ६-६ अशी बरोबरी साधली. हातात आलेला विजय निसटल्यावर पुन्हा उभे राहणे सोपे नसते. सुझान उभी राहिली. तिने पुढचे दोन्ही गेम घेऊन सेट ८-६ असा जिंकला. सामन्यानंतर तिला रडू आवरेना.

त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये वेळेचा घोटाळा झाला. आपला सामना केव्हा आहे, हे तिला नीट कळले नाही आणि ती उशिरा पोहोचली. इकडे राणी मेरी वाट पाहत बसल्या होत्या. हिने राणीचा अपमान केला, अशी बोलवा उठली. काल टाळ्या वाजवणारे आज तोंडे फिरवू लागले. सुझानने स्पर्धा सोडली आणि पुन्हा कधी ती तेथे खेळली नाही.

मग तिने तो निर्णय घेतला. ती व्यावसायिक झाली. अमेरिकेच्या दौऱ्यासाठी तिने करार केला. त्याची रक्कम ५०,००० डॉलर होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला खेळ झाला. इंग्लंडमधील ज्या क्लबच्या मैदानावर विम्बल्डन भरते, त्याने तिचे मानद सदस्यत्व काढून घेतले. आपल्या खेळावर इतरांनी कमवायचे आणि आपण रिकाम्या हाताने घरी जायचे, हे कोठवर चालणार, असा तिचा सवाल होता. मोठ्या स्पर्धांनी व्यावसायिकांना दार उघडले ते १९६८ साली. तोवर ती राहिली नव्हती.

पुढे तिने पॅरिसमध्ये मुलांना टेनिस शिकवायला सुरुवात केली. १९३५ साली ‘थिंग्ज आर लुकिंग अप’ या विनोदी इंग्रजी चित्रपटात तिने छोटी भूमिकाही केली. सिसिली कोर्टनीज ही त्यात जुळ्या बहिणी झाली होती. त्यांतली एक शाळेत शिक्षिका, आणि त्या जागी येते दुसरी! सुझान टेनिसपटूच्याच भूमिकेत रॅकेट घेऊन पडद्यावर दिसते. शिक्षिका आणि सुझान यांच्यात सामना म्हटल्यावर मी कोणाच्या बाजूने असेन, हे सांगायला नको.

४ जुलै १९३८ रोजी पॅरिस येथे सुझानचे निधन झाले. तिला रक्ताचा आजार जडला होता. वय अवघे ३९ वर्षे. पॅरिसच्या रोलाँ गॅरोस मैदानावरील एका कोर्टला १९९७ साली तिचे नाव देण्यात आले. तेथे स्त्रियांची एकेरी जिंकणाऱ्या खेळाडूला मिळतो तो चषकही तिच्याच नावाचा आहे. ‘निळी आगगाडी’ हा बॅले बरीच वर्षे विस्मरणात गेला होता. १९८९ साली अमेरिकेतील ओकलंड बॅले या मंडळीने जुनी छायाचित्रे, टिपणे आणि लोकांच्या आठवणी गोळा करून तो पुन्हा उभा केला. मियो यांचे संगीत सुरू झाले आणि सुझानला कधीही न पाहिलेली एक तरुण नर्तकी रॅकेट घेऊन धावत रंगमंचावर आली.