ग्रेसाहेबांचे पाहुणे

पहिल्या महायुद्धाची कारणे घोकताना सर एडवर्ड ग्रे (१८६२-१९३३) आपल्याला भेटतात ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री म्हणून. १९०५ ते १९१६ अशी सलग अकरा वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. मला मात्र ते आवडतात नॉर्थंबरलंडमधील फॅलोडन येथे, स्वतःच्या बागेत, हातात पत्र्याची डबी घेऊन गुडघे टेकलेले.

डबीत अळ्या असत. बागेत रॉबिन (तांबूस छातीचा, चिमणीएवढा पक्षी) दिसला की ग्रे आधी पावाचा चुरा टाकीत, मग अळी. पुढे उघडी डबी जमिनीवर ठेवीत. पक्षी सरावला की तीच डबी जमिनीला टेकलेल्या तळहातावर. ही पायरी सर्वांत अवघड! पण अळीचा मोह अनावर होऊन पक्षी बोटांवर उभा राही आणि मग ग्रे हळूच हात उचलीत. रॉबिन भारी भांडखोर, दुसऱ्याला आपल्या हद्दीत फिरकू देत नाही. तेव्हा प्रत्येकाची मनधरणी त्याच्याच हद्दीत जाऊन करायची. परराष्ट्रमंत्र्याला हे काम काही नवे नव्हते म्हणा.

पक्ष्यांचे वेड पत्नी डोरोथी यांनाही होते. १९०६ मध्ये गाडीच्या अपघातात त्या गेल्या. १९१४ च्या सुमारास ग्रे यांची दृष्टी अधू होऊ लागली. पुढे वाचन थांबले, ब्रेल शिकावी लागली. तरी १९२७ मध्ये त्यांचे पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. त्यात पक्ष्यांच्या गाण्याला एवढी जागा का, हे मला त्यांचे डोळे आठवल्यावर कळले. झाडावरचा पक्षी आता त्यांना आवाजानेच ओळखावा लागे. हातावर येणारा तेवढा जवळून भेटे.