बारडोलीच्या आधीचा वल्लभभाई : आधी हिशेब दाखवा म्हणणारा नगरसेवक

नंदुरबारहून सुरतेकडे निघालं की नवापूर, व्यारा मागे टाकून गाडी बारडोलीला येते. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी कोयता घेऊन तिथल्या उसात उतरतात. गावात स्वराज आश्रम आहे, सरदारांचं संग्रहालय आहे. वल्लभभाई पटेलांना 'सरदार' हे नाव मिळालं ते याच गावाच्या लढ्यात, १९२८ साली. पण तो लढा ज्या रीतीने लढला गेला, ती रीत वल्लभभाई अकरा वर्षं आधीपासून शिकत होते, आणि तेही अहमदाबादच्या नगरपालिकेत. हा भाग फारसा सांगितला जात नाही.

जन्म नडियादचा, घर करमसदचं. जन्मतारीख ३१ ऑक्टोबर १८७५ असं आपण मानतो, पण ती मॅट्रिकच्या फॉर्मवर त्यांनी अंदाजाने लिहिलेली. गोध्रा, बोरसदला वकिली केली, पैसे साठवले, १९१० मध्ये लंडनला गेले, बॅरिस्टर होऊन १९१३ मध्ये परतले. अहमदाबादेत फौजदारी वकील म्हणून दबदबा होता. संध्याकाळी गुजरात क्लबात पत्ते चालायचे आणि तिथे नव्याने आलेल्या गांधींची थट्टाही व्हायची. थट्टा करणाऱ्यांत वल्लभभाई होतेच.

१९१७ साली ते नगरपालिकेवर निवडून गेले. तेव्हा सरकारने मोठ्या नगरपालिकांवर आय.सी.एस. कमिशनर नेमायला सुरुवात केली होती. अहमदाबादला आलेले शिलिडी नावाचे साहेब सदस्यांना मोजत नसत. शहरातल्या एका तळ्याच्या जागेचं प्रकरण निघालं. त्यातली कागदपत्रं सदस्यांपुढे यायला हवी होती, ती आलीच नाहीत. वल्लभभाईंनी भाषणबाजी केली नाही. उलटतपासणीत मुरलेला वकील तो. त्यांनी कागद काढले, वाचले आणि पुराव्यासह ठराव मांडला. सरकारला शिलिडींना तिथून हलवावं लागलं. गोऱ्या अधिकाऱ्याला एका नवख्या नगरसेवकाने फाइलीच्या जोरावर घालवलं, ही १९१७ सालची गोष्ट आहे.

त्याच वर्षी शहरात प्लेग आला. वल्लभभाई आरोग्य समितीचे अध्यक्ष होते. शाळा, कोर्टं बंद पडली, ज्यांना जमलं ते बाहेरगावी गेले. हे मात्र शहरातच राहिले, कर्मचाऱ्यांसोबत गल्लीबोळ हिंडले, गटारं साफ करून घेतली. माणसं खुर्चीला जाब विचारतात हे खरं, पण खुर्चीवरच्या माणसाने आधी रस्त्यावर दिसावं लागतं. पुढे जुलै १९२७ मध्ये गुजरातेत महापूर आला, तेव्हा ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. भर पावसात रात्री ते घराबाहेर पडले, अभियंत्याला उठवलं आणि तुंबलेल्या पाण्याला वाट करून दिली.

मधल्या काळात उलटी बाजूही त्यांनी पाहिली. असहकाराच्या दिवसांत नगरपालिकेने शाळांसाठी सरकारी अनुदान घेणं आणि सरकारी देखरेख, दोन्ही नाकारलं. सरकारने १९२२ मध्ये नगरपालिकाच बरखास्त केली. शाळांवर बेकायदा खर्च केला म्हणून वल्लभभाई आणि त्यांच्या सहकारी सदस्यांकडून दीड लाखाहून जास्त रक्कम व्यक्तिशः वसूल करायचा दावाही लावला. आजच्या नगरसेवकाने क्षणभर कल्पना करून बघावी. सार्वजनिक पैशाचा हिशेब कोर्टात, स्वतःच्या नावावर द्यायची वेळ त्यांच्यावर आली. सरकार तो दावा हरलं. १९२४ च्या निवडणुकीनंतर वल्लभभाई अध्यक्ष म्हणून परत आले आणि एप्रिल १९२८ पर्यंत राहिले. पाणीपुरवठा, ड्रेनेज, नगररचना ही त्यांची रोजची कामं होती. व्हिक्टोरिया गार्डनमध्ये लोकमान्य टिळकांचा पुतळा बसवण्याचा निर्णयही याच कारकिर्दीतला. कमिशनर साहेबांना तो मुळीच पसंत नव्हता.

अध्यक्ष होण्याच्या थोडं आधी बोरसदचं प्रकरण झालं. दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी जादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च म्हणून प्रत्येक प्रौढ माणसावर २ रुपये ७ आणे कर लादला. कारण काय, तर गावकरी दरोडेखोरांना साथ देतात. वल्लभभाईंनी चौकशी केली, तेव्हा भलतंच बाहेर आलं. एका दरोडेखोराला पकडायला सरकारी यंत्रणेनेच दुसऱ्या दरोडेखोराला हाताशी धरलं होतं, हत्यारं दिली होती. हे चव्हाट्यावर आल्यावर कर टिकणार कसा? १९२४ च्या सुरुवातीला तो रद्द झाला.

एवढी तयारी झालेला माणूस बारडोलीत आला. तालुका सुमारे ८७ हजार वस्तीचा, तेव्हा मुंबई इलाख्यात. जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरने (मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर वेगळे) शेतसारा ३० टक्के वाढवावा असा अहवाल दिला होता. ओरड झाली म्हणून सरकार २२ टक्क्यांवर आलं. १२ फेब्रुवारी १९२८ ला बारडोलीत परिषद झाली आणि जुना सारा पूर्ण म्हणून स्वीकारा, नाहीतर निष्पक्ष चौकशी नेमा, असं ठरलं. सारा माफ करा, अशी मागणी नव्हती. आकडा कुठून काढला, एवढाच प्रश्न होता.

सरकारने जमिनी जप्त केल्या, गुरं ओढून नेली, जप्तीसाठी पठाण आणले. गावोगाव छावण्या बसल्या. रोज पत्रिका निघायची, म्हणजे कुठे काय झालं ते सगळ्या तालुक्याला कळायचं. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, पुण्यात तडजोड झाली. जमिनी परत मिळाल्या, राजीनामे दिलेले पाटील-तलाठी परत कामावर आले आणि चौकशी नेमली गेली.

खरी गोष्ट पुढेच आहे. न्यायखात्यातले ब्रूमफिल्ड आणि महसूल खात्यातले मॅक्सवेल हे दोघे गोरे अधिकारी गावागावांत फिरले. शेतकऱ्यांची बाजू मांडायला सुरुवातीला भुलाभाई देसाई उभे राहिले. समितीला आढळलं की जयकरांनी जमिनीच्या खंडाची नीट चौकशीच केली नव्हती आणि ज्या आकड्यांवर वाढ उभी होती ते भरवशाचे नव्हते. वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. ३० चे ६ झाले ते कागद तपासल्यामुळे.

एक गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. हा हिशेब जमीनवाल्यांचा होता. त्यांच्याच शेतात राबणारे दुबळा, म्हणजे आजचे हळपती, त्यांच्या मजुरीचा आणि पिढीजात कर्जाचा प्रश्न त्या तडजोडीत नव्हता. वल्लभभाईंना खातेदारांची एकी टिकवायची होती, हे समजू शकतं. पण आज तिथे ऊस तोडायला जाणाऱ्या आपल्या माणसांनी हेही लक्षात ठेवायला हवं.

आता २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. पालिकेतल्या कामाची फाइल बघायला बॅरिस्टर व्हावं लागत नाही, साधा अर्ज पुरतो. बारडोलीत असो की नंदुरबारात, किती जण करतात तो भाग वेगळा.

वल्लभभाई १५ डिसेंबर १९५० ला मुंबईत गेले. देशाचे उपपंतप्रधान होते, मागे संपत्ती म्हणावी अशी ठेवली नाही. अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी मणिबेनकडून ऐकलेली हकीकत आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. वडिलांनी बजावून ठेवल्याप्रमाणे मणिबेन दिल्लीला नेहरूंकडे गेल्या आणि एक पिशवी व एक वही त्यांच्या हाती दिली. पिशवीत काँग्रेस पक्षाचे ३५ लाख रुपये होते आणि वहीत त्यांचा हिशेब.