कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

आरशासमोर उभे राहून चेहऱ्याची डावी आणि उजवी बाजू नीट ताडून पाहिली, तर दोन्ही तंतोतंत सारख्या नाहीत हे लक्षात येते. एक भुवई किंचित वर, एक गाल जरा जास्त भरलेला. हा आजार नव्हे. आतली कवटीच दोन्ही बाजूंनी सारखी नसते. ‘युगान्त’मुळे घराघरांत माहीत झालेल्या इरावती कर्वे यांनी याच विषयावर बर्लिनमध्ये डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तेथे इंजिनीअर होते. तिथल्या इरावती नदीचे नाव मुलीला मिळाले. शिक्षण पुण्यात, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये झाले. मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे एम.ए. केल्यावर १९२८ मध्ये त्या जर्मनीला निघाल्या. पती दिनकर कर्वे यांचा पाठिंबा होता. मात्र स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले सासरे महर्षी कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता. प्रवासासाठी पैसे कर्जाऊ दिले ते डॉ. जीवराज मेहता यांनी, केईएम रुग्णालयाच्या पहिल्या डीननी.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातले त्या काळचे बडे नाव. नाझींच्या वंशविचाराला पुढे त्यांच्या लेखनाचा आधार मिळाला. गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्यांची कवटी असमान, आणि हीच श्रेष्ठ बुद्धीची खूण, असा त्यांचा कयास होता. तो सिद्ध करण्याचे काम विद्यार्थिनीकडे आले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, पण तिचा वंशाशी संबंध काही दिसेना. परका देश, डोक्यावर कर्ज, पदवी गुरूंच्या हातात. तरीही आकडे जे सांगत होते तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुढे याच संस्थेत ऑशविट्झच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने येऊ लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निष्कर्षाचे मोल कळते.

आजचे शरीरशास्त्र काय सांगते? बहुतेक माणसांत मेंदूचा उजवा पुढचा आणि डावा मागचा भाग थोडा बाहेर आलेला असतो, आणि त्याचा ठसा कवटीच्या आत उमटतो. ही ठेवण सर्व मानवसमूहांत दिसते. लाखो वर्षांपूर्वीच्या होमो इरेक्टसच्या कवट्यांतही तिच्या खुणा आहेत. कोणा एका वंशाची ती मिरास नाही.

१९३९ पासून इरावतीबाई डेक्कन कॉलेजात होत्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्याबरोबर त्यांनी गुजरातमधल्या लांघणज येथील अश्मयुगीन सांगाड्यांचा अभ्यास केला. गारगोटीची बारीक हत्यारे वापरणारी, मृतांना पाय पोटाशी घेऊन पुरणारी ती माणसे. अशा जुन्या कवटीवरून आज चेहरा घडवतात, तेव्हा जबडा, गालाची हाडे आणि डोळ्यांच्या खोबण्या यांचा भक्कम आधार असतो. ओठ, कान, कातडीचा रंग मात्र हाड सांगत नाही. तिथे घडवणाऱ्याची कल्पना शिरते, आणि कल्पनेबरोबर पूर्वग्रहही.

मोजपट्टी इरावतीबाईंनी टाकून दिली नाही. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या अनेक जातींची शरीरमापे घेतली. जर्मनीत शिकलेल्या या पद्धतीवर पुढच्या अभ्यासकांनी आक्षेपही घेतले. पण ब्राह्मण या एका नावाखालच्या पोटजातीदेखील मापांनी एकसारख्या नाहीत, हे त्याच मोजणीतून पुढे आले. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांची पाहणी हे त्यांचे शेवटच्या वर्षांतले काम. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

तपासणीआधीच निदान ठरवून मग त्याला जुळणारे आकडे शोधण्याचा मोह प्रयोगशाळेत असतो, तसा दवाखान्यातही असतो. पंचविशीच्या आतबाहेरच्या इरावतीबाई त्या मोहात पडल्या नाहीत.