गुडघ्याजवळची हाडाची गाठ : टेरी फॉक्सच्या आयुष्यातून काय शिकावे?

वाढत्या वयातल्या मुलाचा गुडघा दुखू लागला की खेळताना मार लागला असेल, असे आपण म्हणतो. कॅनडातील टेरी फॉक्सलाही तसेच वाटले होते.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ चा. तो विद्यापीठात बास्केटबॉल खेळायचा. नोव्हेंबर १९७६ मध्ये मोटार अपघातात त्याच्या उजव्या गुडघ्याला मार बसला. पुढे गुडघा दुखू लागला, पण खेळाचा हंगाम संपेपर्यंत त्याने दुखणे अंगावर काढले. मार्च १९७७ मध्ये तपासणीत ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग निघाला. लक्षात घ्या, हा कर्करोग मार लागल्याने होत नाही. माराचे निमित्त मिळाले की तपासणी मात्र लांबते.

त्या काळी पाय काढणे हाच नेहमीचा उपचार होता. वयाच्या १८ व्या वर्षी टेरीचा पाय गुडघ्याच्या सुमारे १५ सेंटीमीटर वरून काढला गेला. पुढे १६ महिने केमोथेरपी चालली. रुग्णालयात इतर रुग्णांचे हाल पाहून त्याने संशोधनासाठी निधी उभारायचे ठरवले. १२ एप्रिल १९८० पासून कृत्रिम पायावर तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. मग कर्करोग फुफ्फुसांत पसरल्याचे दिसले. २८ जून १९८१ रोजी, २२ व्या वर्षी तो गेला.

आज बहुतेक रुग्णांचा पाय वाचवता येतो. आधी केमोथेरपी देतात. मग गाठीसह हाडाचा भाग काढून धातूचा कृत्रिम सांधा बसवतात आणि पुन्हा केमोथेरपी देतात. मुख्य रक्तवाहिन्या व नसा गाठीत पूर्ण अडकल्या असतील, तर आजही पाय काढावा लागू शकतो. हा रोग फुफ्फुसांत पसरू शकतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅनही करतात.

तुम्ही पुसेगावसारख्या गावात राहत असाल, तरी पहिले पाऊल जवळच आहे. दुखणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही, रात्री वाढले किंवा सूज आली, तर हिंगोलीला जाऊन एक्स-रे काढून घ्या. सूज चोळून घेऊ नका. गाठीचा तुकडा तपासणे, म्हणजे बायोप्सी, मात्र जिथे शस्त्रक्रिया होणार त्याच केंद्रात करा; उदाहरणार्थ, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. चुकीच्या जागी घेतलेला छेद पाय वाचवणे अवघड करतो. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.